ट्रेमधला शेवटचा प्याला

निरोप आला तेव्हा मी बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या आमच्या ऑफिसात कंटेनरच्या याद्या तपासत होते. जेवणाची सुट्टी व्हायची होती. आईचा फोन येण्याआधीच घरच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं होतं की प्रभूने आपल्या दासीला, भगिनी प्रमिला यांना, आपल्याजवळ बोलावून घेतलं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मृत्यूची बातमी अशीच लिहितात. कुणी मरत नाही, बोलावणं येतं. असे निरोप मी कितीतरी वाचले आहेत आणि खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून पुन्हा कामाला लागले आहे. त्या दिवशी मात्र माझं बोट त्या चिन्हावर अडून राहिलं. मला रडू आलं नाही. एकच विचार आला आणि त्याची मला अजून लाज वाटते... खरंच बोलावलं असेल का? कारण आपल्याला कुणी बोलावणार नाही, ही धास्ती प्रमिलाआत्याने तेवीस वर्षं सांभाळली होती, आणि हे माहीत असलेल्या मोजक्या माणसांपैकी मी एक होते.

प्रमिलाआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. जुन्या पनवेलमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात ती नर्स होती आणि नवीन पनवेलला आमच्याबरोबर राहायची. बाबा तेव्हा आखातात नोकरीला असायचे, त्यामुळे घरात आई, आत्या आणि मी अशा तिघीच. आत्या उंच होती, बोलायला कडक. मी शाळेतून आले की "शेरू, नखं दाखव" हे तिचं पहिलं वाक्य. शेरॉन हे माझं नाव तिला फार लांबलचक वाटायचं. मी इंग्रजी शाळेत जायचे आणि घरी फारसं बोलायचे नाही. आई त्याची काळजी करायची. आत्या म्हणायची, "असू दे गं सरोज. घरात एक तरी माणूस ऐकणारं पाहिजे."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. प्रभूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांना भाकर आणि द्राक्षरस दिला, त्याची ही आठवण. भाकरीचा एवढासा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या प्याल्यात रस. प्याले बसवायला भोकं असलेला गोल ट्रे असतो, तो बाकावरून बाकावर हातोहात जातो. हे सगळं तयार करण्याचं काम आत्याकडे होतं. आदल्या दिवशी ती काळ्या मनुका उकळायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, आणि घरभर तो गोड, किंचित जळका वास पसरायचा. प्याले ती हॉस्पिटलात जुन्या काळी सिरिंज उकळायचे तसे उकळून घ्यायची. मग एकेक प्याला खिडकीच्या उजेडात धरून बघायची. स्वच्छ हवा असली तर त्या खिडकीतून प्रबळगड दिसतो. प्याल्याच्या काचेतून तो उलटा आणि इवलासा दिसायचा. तो बघायला म्हणून मी तिच्या शेजारी उभी राहायचे.

आणि दुसऱ्या दिवशी तो ट्रे फिरत फिरत शेवटच्या बाकाच्या टोकाला आत्याकडे यायचा, तेव्हा ती उरलेल्या एका प्याल्याच्या कडेला बोट लावायची आणि ट्रे तसाच परत द्यायची. दर महिन्याला. तिने घेतलं नाही. पण आपला प्याला भरायचं तिने कधी सोडलंही नाही. उपासना संपली की ती तो प्याला मागच्या अंगणात न्यायची आणि जास्वंदीच्या मुळाशी ओतायची. प्रभुभोजनातलं उरलेलं मोरीत टाकत नाहीत, मातीला देतात. लहानपणी मला वाटायचं की आत्याला डायबेटिस आहे आणि मनुकांचा रस तिला चालत नाही. मोठी माणसं म्हणायची, बाईला गर्व आहे. काहींना वाटायचं की तिचं कुणाशी तरी बिनसलंय, कारण मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती सोडवून मग या मेजाकडे यावं, असं आमच्यात शिकवतात. आत्याला मात्र कुणी विचारलं नाही. तिला विचारण्याची कुणाची हिंमत नव्हती.

वर्षातून एकदा आईची साक्ष असायची. आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. माझ्या वाढदिवसाच्या जवळच्या रविवारी आई मला नवीन फ्रॉक घालून पुढे न्यायची आणि सांगायची की ही माझी मुलगी तीन वर्षांची असताना न्यूमोनियाने जाणार होती, एक सुवार्तिक, म्हणजे फिरते धर्मोपदेशक, घरी आले, त्यांनी तीन दिवस प्रार्थना केली, तिसऱ्या दिवशी हिचा ताप उतरला. आई रडायची. बायका आमेन म्हणायच्या. मी बुटांकडे बघत उभी असायचे. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं याच्याइतका मला कशाचा त्रास होत नाही, म्हणून मी नजर वर करून शोधायचे ती फक्त आत्याला. ती शेवटच्या बाकावर ताठ बसलेली असायची, आणि तिच्या चेहऱ्यावर मला न कळणारं काहीतरी असायचं... हॉस्पिटलात रिपोर्टची वाट बघणारी माणसं बसतात ना, तसं.

सोळाव्या वर्षी, मंडळीचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या दृढीकरणाच्या वर्गात, चर्चच्या पाळकांनी आम्हाला क्षमा न होणाऱ्या पापाविषयी शिकवलं. प्रभूने एका पीडित माणसाला बरं केलं, ते डोळ्यांनी बघूनही काही धर्मपुढारी म्हणाले की हा सैतानाच्या बळावर करतो. तेव्हा प्रभू म्हणाला की माणसांच्या इतर सगळ्या पापांची, निंदेची क्षमा होईल, पण पवित्र आत्म्याच्या निंदेची क्षमा होणार नाही, या जगात नाही आणि येणाऱ्या जगातही नाही. पाळकांनी ते शांतपणे समजावलं. म्हणाले, रागात तोंडातून गेलेल्या शब्दाविषयी हे नाही. ज्या शिष्याने तीनदा शपथेवर आपल्या गुरूची ओळख नाकारली, त्यालाही क्षमा मिळाली. हे पाप म्हणजे खरं काय ते कळूनही त्याला खोटं म्हणत राहणं, क्षमेचं दारच आतून लावून घेणं. मी वहीत लिहून घेतलं. वर्ग सुटल्यावर चपला घालताना माझ्या बाजूची मुलगी सहज म्हणाली, "तुझ्या आत्यानं केलंय ना ते?"

मग तिच्याकडून मला कळलं, तिला तिच्या आईकडून कळलं होतं. माझ्या आजारपणात सुवार्तिकाने सांगितलं होतं की विश्वास आणि औषध एका घरात राहू शकत नाहीत, आणि आईने मला हॉस्पिटलातून घरी उचलून आणलं होतं. आत्या ड्यूटीवरून गणवेशातच घरी आली. खोली माणसांनी भरलेली, सुवार्तिकाचा हात माझ्या कपाळावर, आणि तो थरथरत, डोळे मिटून सांगत होता की पवित्र आत्मा म्हणतोय, या मुलीची औषधं बंद करा. आत्या दारातूनच म्हणाली, "हा देवाचा आत्मा नाही. हा सैतान बोलतोय." सुवार्तिक चिडला नाही. त्याने पवित्र शास्त्र उघडलं आणि तोच उतारा सगळ्यांसमोर तिला सावकाश वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. म्हणजे मी जिवंत होते, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होता. दर वर्षी नवीन फ्रॉक घालून तो पुरावा पुढे उभा केला जात होता.

मला तोंडाने बोलायला जमत नाही. मी त्या रात्री इंटरनेटवर शोधलं, तर जगभरची माणसं हाच प्रश्न विचारत होती, आणि सगळ्यांना मिळणारं उत्तरही तेच होतं, की आपण हे पाप केलंय का अशी ज्याला भीती वाटते त्याने ते केलेलं नसतं, कारण ज्याने केलंय त्याला भीतीच वाटत नाही. मी ते वाक्य कागदावर मराठीत लिहिलं आणि आत्याच्या गीतपुस्तकात ठेवलं. दोन दिवसांनी तो कागद माझ्या दप्तरात होता. मागे तिच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं, ‘वाचलं. अक्षर सुधार.’ आणि त्याखाली, ‘मग भीती जाऊ द्यायची कधी?’

त्या ओळीचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नाही. भीती वाटते तोवर ती सुटलेली, पण ज्या दिवशी भीती संपेल त्या दिवशी सुटकेचा आधारच संपला. म्हणजे तिला घाबरतच राहायला हवं होतं. तेवीस वर्षं ती ते करत होती, रोज, जसं रोज सकाळी उठून केस विंचरायची तसं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. बाबा कधीच परत आले होते, पण हातपाय गाळून बसले. आईची शाळेची नोकरी होती, म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायला लागले. तेव्हा एका दुपारी नेऱ्याहून हिराबाई आली. ती आत्याच्या हॉस्पिटलात आया होती. आता तिच्या मुलांचा गावात बंगला आहे, तरी ती स्वतःच्या परड्यातल्या वालाच्या शेंगा पिशवीत घालून रिक्षाने आली. आत्याच्या पायाशी बसली, तिचे पाय चेपायला लागली.

"सिस्टर, किती सुकल्या वो तुमी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ही तीच का? ढुंगणावर सुया टोचून घेणारी?"

"हिरा, गप बस," आत्या म्हणाली.

"आता कशाला गप? मरायला टेकलो आपन दोघी. बाय, तुला म्हाईत नाय? घरात औषिद दिसलं तं बोंब होल, म्हनून मी भाकरीच्या डब्यातून इंजेक्शनं आनायची. ही तुला अंग पुसाया म्हनून मोरीत न्यायची नि कडी लावून टोचायची. रोज दोन येळा. काय लाथा मारायचीस तू. माज्या डब्याला पन एक मारलीस, त्याला पोचा हाय अजून."

हिराबाई हसत होती. आत्या खिडकीकडे बघत होती. हिराबाई गेल्यावर मी शेंगा सोलायला घेतल्या, कारण हातांना काहीतरी हवं होतं. अर्ध्या शेंगा सोलून झाल्यावर मी म्हणाले, "आत्या, मग मी औषधाने वाचले."

"तेच इंजेक्शन त्याच आठवड्यात मी आणखी एका मुलीला दिलं होतं," ती म्हणाली. "तुझ्याच वयाची. ती गेली." तिने पाणी मागितलं, दोन घोट घेतले. "सुई मी टोचली शेरू. ताप कोणी उतरवला, ते मी कसं सांगू?"

"पण तू पाळकांना सांगितलंस का हे?"

"सांगितलं. ते म्हणाले, बाई, रागात बोललात, पश्चात्ताप करा, झालं. चांगला माणूस आहे. पण मी कशाचा पश्चात्ताप करू? लेकराचं औषध तोडायला सांगणारा तो देव नव्हता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. क्षमा मिळावी म्हणून देवासमोर खोटं बोलू? आणि खरंच तो देवच असला तर..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. मग म्हणाली, "सरोजला इंजेक्शनचं काही सांगू नकोस. तिच्याजवळ तेवढंच आहे. मी तिच्यावर कधी रागावले नाही गं, पोर मरायला टेकली की माणूस काय करेल सांगता येतं का."

मी मान हलवली. पंखा फिरत होता. आत्याने उशीवरचं डोकं माझ्याकडे वळवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने मला विचारल्यासारखं काही विचारलं. "तू सांग. तू वाचलीस ती कशाने? तुला काय वाटतं?"

मला उत्तर येत होतं. आत्या, तू दार लावून मला धरलंस, मला वाटतं देव असा येतो. हे किंवा असं काहीतरी. पण मी वालाची शेंग सोलत म्हणाले, "मला कसं माहीत असणार? मी तीन वर्षांची होते."

"तेही खरं," आत्या म्हणाली, आणि थोडी हसली. त्यानंतर नऊ दिवस ती होती. पाळक घरी प्रभुभोजन घेऊन आले, तिने प्याल्याच्या कडेला बोट लावलं आणि मान हलवली. शेवटच्या दिवसांत ग्लानीत ती एकच शब्द पुटपुटायची, "म्हटलं... मी म्हटलं..." आई तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून म्हणायची, "हो ताई, म्हटलंत, झोपा आता." आईला वाटायचं, ती हॉस्पिटलातलं काही बोलतेय. मी दोघींच्या मध्ये उभी असायचे आणि रुमाल पुन्हा पाण्यात बुडवून आईच्या हातात द्यायचे. आता कधी भांडी घासताना, कधी ऑफिसच्या बसमध्ये, तिचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो, तसाच, उशीवरून वळलेल्या आवाजात, आणि दर वेळी माझं उत्तर तयार असतं.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाचं काम माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही, मी मनुका भिजवल्या इतकंच. प्याले उकळले, खिडकीत धरले. भरताना हाताने नेहमीइतकेच प्याले भरले, आत्याचा धरून. उपासना संपल्यावर ट्रेमध्ये एक प्याला काठोकाठ तसाच उरला होता. चर्चच्या मागच्या खोलीत मी तो हातात घेऊन उभी होते, तेव्हा आई आत आली.

"हा कुणाचा राहिला?" तिने विचारलं. मग तिच्याच लक्षात आलं. ती खुर्चीवर बसली. "तेवीस वर्षं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत ताईंनी मला माफ केलं नाही."

मला कळेना. आईने पदराने डोळे पुसले. "मी तुला हॉस्पिटलातून उचलून आणलं ना. तो राग. अढी असली की मेजाकडे यायचं नाही, शिस्तीच्या होत्या त्या. म्हणून घ्यायच्या नाहीत. मला दर महिन्याला तो ट्रे परत जाताना दिसायचा."

"आई, ती स्वतःला घाबरत होती," मी म्हणाले. "त्या सुवार्तिकाने जे वाचून दाखवलं होतं, त्याला. तिला वाटायचं, तिलाच क्षमा नाही."

"ताई आणि घाबरणार?" आई माझ्याकडे बघत राहिली. "त्याला तर नंतर त्यांनी पायरीवरून हाकललं होतं."

मी दिलेला शब्द मोडला. मी तिला इंजेक्शनचं सांगितलं. मोरी, कडी, हिराबाईचा डबा, सगळं. आई हलली नाही. "ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुला कपडे घालताना मी नव्हते का बघत? सुयांचे डाग काय मला ओळखू येत नाहीत? दिवसातून दोनदा मोरीची कडी लागली की मी बाहेर मोठ्याने गीत म्हणायचे. तुझं रडणं बैठकीत ऐकू जाऊ नये म्हणून."

"मग साक्षीत कधीच का नाही बोललीस?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बाहेर लोक चहा घेत होते, कपबश्यांचा आवाज येत होता. "औषधाने वाचली म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर मी काय करून बसले होते तेही म्हणावं लागलं असतं. मंडळीसमोर. दर वर्षी वाटायचं, यंदा म्हणू." तिने माझ्या हातातल्या प्याल्याकडे बघितलं. "त्या मला काही बोलल्या नाहीत. मीही नाही बोलले. मला वाटलं, त्यांना कळत असेल."

मग तिने मला विचारलं. "रागावल्या नव्हत्या माझ्यावर? तुला काय वाटतं?"

तेच शब्द. या वेळी मी शेंगा सोलत नव्हते. "नव्हती रागावली," मी म्हणाले. "कधीच नव्हती. माझ्याजवळ बोलली ती." आईने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलू लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरात कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवत नाही, त्यामुळे तो कुठे आणि किती वेळ ठेवायचा ते मला कळत नव्हतं. नंतर आम्ही दोघी अंगणात गेलो आणि तो रस जास्वंदीला घातला.

आत्याला देवाने काय उत्तर दिलं असेल, हे मला माहीत नाही. पाळकांना माहीत आहे, ते दफनाच्या वेळी तसं म्हणालेही. मला इतकंच कळतं की ती खोटं बोलून सुटायला तयार नव्हती, आणि ज्याच्यापुढे ती खोटं बोलली नाही त्याला ते दिसलं असेल, अशी मी आशा धरते. ही आशा मी तिला ऐकवू शकले असते. नऊ दिवस होते माझ्याजवळ.

परवाच्या रविवारी, पुढच्या प्रभुभोजनाला, मी शेवटच्या बाकाच्या टोकाला, तिच्या जागी बसले. ट्रे हातोहात माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात दोनच प्याले भरलेले होते, माझा आणि आत्याचा. मी माझा घेतला, प्यायले, रिकामा प्याला भोकात परत ठेवला. मग दुसऱ्याच्या कडेला बोट लावलं. काच थंड होती आणि बोटाला किंचित चिकट लागली. पुढच्या बाकावरच्या काकांनी ट्रे परत घ्यायला हात मागे केला होता. मी ट्रे परत दिला नाही, मांडीवर धरून बसले. त्यांनी एकदा वळून बघितलं, आणि हात आवरता घेतला.